आंत्रपुच्छ : प्रयोजन, पाक आणि वैद्याचा विवेक

‘आंत्रपुच्छ हा निरुपयोगी अवयव आहे, काढून टाकला तरी काही बिघडत नाही,’ हे वाक्य आपण दोन-तीन पिढ्या ऐकत आलो. अलीकडे याच्या अगदी उलट वाक्यही कानी पडते : ‘निसर्गाने कोणताही अवयव व्यर्थ निर्माण केलेला नाही. म्हणून शस्त्रक्रिया टाळावी, औषधानेच बरे करावे.’ हे दुसरे वाक्य उच्चारणारा रुग्ण बहुधा आपल्याच चिकित्सालयात येतो आणि वैद्याने त्यास दुजोरा द्यावा अशी त्याची अपेक्षा असते. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्हींतून काढला जाणारा निष्कर्ष मात्र घातक ठरू शकतो. अवयवाचे प्रयोजन काय, हा एक प्रश्न आहे आणि तो अवयव व्याधिग्रस्त झाल्यावर काय करावे, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निर्णय करता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार केला असून वैद्य व औषधविक्रेते यांच्या दैनंदिन व्यवहारास उपयुक्त अशा काही गोष्टी मांडल्या आहेत.

रचना व स्थान

लघ्वांत्र जेथे बृहदांत्रास मिळते, तेथे बृहदांत्राचा आरंभीचा पिशवीसारखा भाग असतो. त्यास उंडुक असे म्हटले जाते. या उंडुकापासून निघणारी, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी म्हणजे आंत्रपुच्छ. प्रौढ व्यक्तीत तिची लांबी सरासरी ८ ते ९ सेंटिमीटर असते. परंतु दोन सेंटिमीटरपासून वीस सेंटिमीटरपर्यंत भेद आढळतो. तिचे मूळ बहुधा ठरलेल्या जागी असले, तरी टोकाची दिशा निश्चित नसते. ते उंडुकाच्या मागे वळलेले असू शकते, श्रोणिगुहेत उतरलेले असू शकते किंवा लघ्वांत्राच्या पुढे वा मागे असू शकते. एकाच व्याधीची लक्षणे निरनिराळ्या रुग्णांत निराळी का दिसतात, याचे एक मोठे कारण या स्थानभेदात आहे.

युरोपात बेरेंगारिओ दा कार्पी याने १५२१ मध्ये या अवयवाचे वर्णन केले. १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हेसालियसच्या शारीरग्रंथात त्याचे चित्रण आले. १८७१ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी मानवाच्या उत्क्रांतीविषयीच्या ग्रंथात त्याची गणना अवशिष्ट अवयवांत केली. पूर्वज वनस्पतिजन्य आहारावर राहत, तेव्हा उंडुक मोठे होते. आहार बदलल्यावर ते आक्रसले आणि हे शेपूट तेवढे उरले, असा तो तर्क होता. ‘निरुपयोगी’ हे विशेषण आंत्रपुच्छास चिकटले ते मुख्यत्वे तेव्हापासून.

प्रयोजनाचा शोध

सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आंत्रपुच्छाच्या भित्तीत लसिका-ऊतींचे दाट पुंजके दिसतात. जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत ते दिसू लागतात, किशोरवयात व तारुण्याच्या आरंभी त्यांची वाढ सर्वाधिक असते आणि पुढे वयोमानाने ते कमी होत जातात. आतड्याच्या अंतस्त्वचेचे रक्षण करणारी ‘आयजीए’ वर्गातील प्रतिपिंडे निर्माण करण्याच्या कार्यात या ऊतींचा सहभाग असतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर कोष्ठाच्या व्याधिक्षमत्वाशी या अवयवाचा संबंध आहे.

२००७ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील रँडल बोलिंजर, विल्यम पार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक विचार मांडला. आतड्यातील उपकारक जिवाणू पातळ थराच्या रूपाने अंतस्त्वचेवर वसतात आणि आंत्रपुच्छात हा थर विशेष टिकून राहतो. मलाच्या मुख्य प्रवाहापासून ही अरुंद, बंद नळी बाजूला असते. तीव्र अतिसाराने आतडे धुऊन निघाले, तरी येथील जिवाणू वाचतात आणि त्यांच्यापासून आतड्यात पुन्हा वसाहत होऊ शकते. शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बियाणे कणगीत राखून ठेवतो, तसेच काहीसे हे कार्य आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५३३ सस्तन प्राणिजातींच्या तौलनिक अभ्यासात हा अवयव उत्क्रांतीच्या ओघात एकदा नव्हे, तर सुमारे तीस किंवा अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाल्याचे दिसून आले. जी गोष्ट पुन्हा पुन्हा उत्पन्न होते आणि क्वचितच लोप पावते, ती केवळ अडगळ असण्याचा संभव कमी.

मात्र येथे तोल सांभाळणे आवश्यक आहे. आंत्रपुच्छ काढलेल्या असंख्य व्यक्ती सामान्य आयुष्य जगतात, कारण लसिका-ऊती लघ्वांत्राच्या अंतिम भागात व अन्यत्रही विपुल आहेत. प्रतिजैविकांनंतर होणारा, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचा आंत्रशोथ आंत्रपुच्छ नसलेल्यांत अधिक वेळा उलटतो काय, याविषयीच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. तेव्हा ‘उपयुक्त, परंतु अपरिहार्य नव्हे’ असेच या अवयवाविषयी म्हणावे लागेल.

त्याचा एक उपयोग तर शल्यचिकित्सकांनीच शोधून काढला. मूत्राशय रिकामे करता न येणाऱ्या मुलांत आंत्रपुच्छाची नळी मूत्राशय व पोटाची त्वचा यांच्यामध्ये जोडून मार्ग तयार करण्याची पद्धती फ्रान्सच्या पॉल मित्रोफानोफ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे. निरोगी आंत्रपुच्छ सहज हाती लागले म्हणून काढून टाकू नये, असे म्हणण्यास एवढे कारणही पुरेसे आहे.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुतांनी कोष्ठातील स्थाने सांगताना उंडुकाचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि त्याची उत्पत्ती रक्ताच्या किट्टापासून सांगितली आहे. पाचवी कला पुरीषधरा. ती उंडुकाच्या ठिकाणी मलाचे विभजन करते, असे शारीरस्थानात येते. वाग्भटांनीही कोष्ठांगांत उंडुक गणले आहे. चरकांच्या कोष्ठांगांच्या यादीत पुरीषाधार येतो. या पुच्छसदृश नळीचे स्वतंत्र वर्णन संहितांत सापडते, असे मात्र म्हणता येत नाही. ओढूनताणून तसे सिद्ध करण्याची गरजही नाही. ग्रंथांचे मोल अन्यत्र आहे.

आंत्रपुच्छशोथास आयुर्वेदातील कोणते नाव द्यावे, यावर मतभेद आहेत. काही वैद्य त्याचा समावेश अंतर्विद्रधीत करतात, काही गुल्मात, तर काही शूलात. या ठिकाणी एक भेद लक्षणीय आहे. सुश्रुतांच्या मते गुल्म पाकास जात नाही, विद्रधि जातो, कारण विद्रधीस मांस-रक्ताचा आश्रय असतो. आंत्रपुच्छशोथात पाक हाच मुख्य धोका असल्याने अंतर्विद्रधीचे साम्य अधिक जवळचे वाटते. चरकांनी मात्र गुल्माच्या पाकाचाही विचार केला आहे. तेथे ते काय सांगतात? गुल्म पक्व झाला असता त्याच्या क्रियेचा अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यज्ञांचा आहे, असे ते निःसंकोचपणे लिहितात. कायचिकित्सेचा एवढा मोठा आचार्य आपल्या अधिकाराची मर्यादा स्वतः आखून देतो. रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठविणे म्हणजे आपल्या शास्त्राचा पराभव, असे मानणाऱ्यांनी हे स्थळ पुन्हा वाचावे.

सुश्रुतांचा आमपक्वैषणीय अध्यायही या व्याधीसाठीच लिहिला असावा, इतका तो येथे लागू पडतो. आम शोथ अज्ञानाने कापणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांचीही तेथे सारख्याच कठोर शब्दांत निंदा आहे. पक्वावस्थेत वेदना शमते, हे लक्षणही तेथेच सांगितले आहे. शोथ गंभीर, म्हणजे खोल असेल, तर पक्वलक्षणे पूर्णपणे व्यक्त होत नाहीत आणि वैद्य पक्वासही अपक्व समजून मोहात पडतो, हा इशाराही तेथे आहे. आंत्रपुच्छाइतका खोल दडलेला शोथ दुसरा कोणता असेल?

व्याधीची उत्पत्ती व क्रम

आंत्रपुच्छाचे पोकळ अंतर अत्यंत अरुंद असते. घट्ट मलाचा खडा किंवा सुजलेल्या लसिका-ऊती यांनी ते बंद झाले की आतील स्राव साचतो, दाब वाढतो, जिवाणूंची वाढ होते आणि भित्तीचा रक्तपुरवठा खुंटतो. पुढे कोथ, छिद्र आणि उदरावरणशोथ हा क्रम. कधीकधी आजूबाजूची आतडी व वपा त्यास वेढून घेतात आणि तेथे गोळा किंवा विद्रधि तयार होतो.

वेदनेचा प्रवास या क्रमाचा साक्षी असतो. आंत्रपुच्छाच्या संवेदना वाहणाऱ्या नाड्या नाभीच्या परिसराशी निगडित असल्याने वेदना प्रथम नाभीभोवती, मोघम स्वरूपाची जाणवते. पुढे शोथ उदरावरणास भिडतो, तेव्हा ती उजव्या वंक्षणाच्या वर एका जागी स्थिरावते. नाभी आणि उजव्या श्रोणि-अस्थीचे पुढचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेचा बाहेरील एक-तृतीयांश बिंदू, म्हणजेच चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णिलेले स्थान, तेथे स्पर्शासहत्व सर्वाधिक असते. अरुची बहुधा आरंभापासूनच असते. वमन वेदनेनंतर सुरू होते, आधी नव्हे. ज्वर आरंभी सौम्य असतो.

छेदनाचे अनुभव

आंत्रपुच्छ काढण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया ६ डिसेंबर १७३५ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात झाली. क्लॉडियस अमियांड यांच्यासमोर अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या अंत्रवृद्धीत आंत्रपुच्छ उतरले होते आणि गिळलेल्या टाचणीने त्यास छिद्र पडले होते. संज्ञाहरण उपलब्ध नसताना झालेल्या या शस्त्रक्रियेतून मुलगा बचावला. अन्नाबरोबर गेलेल्या काटा, अस्थी इत्यादींनी आंत्रभेद होतो, हे छिद्रोदराच्या वर्णनात वाचलेल्या वैद्यास या घटनेचे नवल वाटणार नाही. तरीही पुढील दीडशे वर्षे उजव्या कुशीतील पाकाचा दोष उंडुकावरच ठेवला जात होता. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी खरे मूळ आंत्रपुच्छात असल्याचे दाखवून या व्याधीला तिचे आजचे पाश्चात्त्य नाव दिले आणि लवकर शस्त्रक्रियेचा आग्रह धरला.

१९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून रोजी ठरला होता. त्यापूर्वी काही दिवस त्याच्या पोटात दुखू लागले. समारंभ पुढे ढकलण्यास तो तयार नव्हता. अखेर २४ जून रोजी सर फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून विद्रधीतील पूय बाहेर काढला. आंत्रपुच्छ मात्र त्यांनी काढले नाही. राजा बरा झाला आणि ९ ऑगस्ट रोजी राज्याभिषेक पार पडला. पक्व विद्रधीचे भेदन व विस्रावण करावे आणि तेवढ्यावर थांबावे, हा विवेक येथे दिसतो. ट्रीव्हज यांची स्वतःची कन्या दोन वर्षांपूर्वी याच व्याधीने दगावली होती. विलंबाची किंमत त्यांना ठाऊक होती.

सर्वांत विलक्षण अनुभव लिओनिद रोगोझोव्ह या रशियन डॉक्टरांचा. १९६१ च्या एप्रिलमध्ये अंटार्क्टिकावरील नोव्होलाझारेव्हस्काया तळावर ते एकमेव डॉक्टर होते. २९ एप्रिल रोजी त्यांना अशक्तपणा, मळमळ आणि नंतर उजव्या कुशीत वेदना सुरू झाली. त्यांनी प्रथम प्रतिजैविके घेतली, शीतोपचार केले. परंतु अवस्था ढासळत गेली. हवामानामुळे बाहेरून साहाय्य येणे अशक्य होते. ३० एप्रिलच्या रात्री स्थानिक संज्ञाहरण घेऊन त्यांनी स्वतःच्याच पोटाचा छेद घेतला. एक सहकारी आरसा धरून होता, दुसरा जखमेच्या कडा ओढून धरत होता. आरशातील उलटी प्रतिमा फसवी ठरत असल्याने त्यांनी बरेचसे काम स्पर्शानेच केले. पावणेदोन तासांत शस्त्रक्रिया पूर्ण झाली. काढलेल्या आंत्रपुच्छाच्या मुळाशी काळा डाग होता. आणखी एका दिवसात ते फुटले असते, असे त्यांचे मत होते. दोन आठवड्यांत ते कामावर रुजू झाले. औषधोपचार आधी करून पाहणे, प्रतिसादावर लक्ष ठेवणे आणि पाक अटळ दिसताच क्षणही न दवडणे, ही तिन्ही पावले त्यांनी स्वतःच्या देहावर टाकून दाखविली.

याच खंडाचे आणखी एक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक मोहिमांत हिवाळाभर तळावर राहणाऱ्या डॉक्टरचे निरोगी आंत्रपुच्छही आधीच काढून टाकण्याचा नियम करण्यात आला. १९५० मध्ये हर्ड बेटावरील डॉक्टर या व्याधीने आजारी पडल्यावर त्यांना नौकेने परत आणावे लागले होते. म्हणजे निरोगी अवयवाच्या छेदनाचे समर्थन केव्हा, तर शल्यचिकित्सक महिनोन्महिने मिळणार नाही अशा ठिकाणी. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही शल्यचिकित्सा उपलब्ध असताना तशी आवश्यकता नाही. मात्र त्याच कारणाने विलंबालाही सबब उरत नाही.

औषधाने भागते काय?

हा प्रश्न आता आधुनिक शास्त्रातही गांभीर्याने विचारला जातो. फिनलंडमधील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीटी स्कॅनने गुंतागुंत नसल्याची खात्री केलेले ५३० रुग्ण होते. केवळ प्रतिजैविके दिलेल्यांपैकी २७.३ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. पाच वर्षांत हे प्रमाण ३९.१ टक्के झाले. अमेरिकेतील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५५२ प्रौढांच्या अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांवर नव्वद दिवसांतच शस्त्रक्रिया झाली. आंत्रपुच्छात खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के, तर खडा नसलेल्यांत २५ टक्के होते.

याचा अर्थ दुहेरी आहे. निवडक रुग्णांत आम अवस्थेत शस्त्रक्रियेवाचून व्याधी शमू शकते, हे खरे. परंतु ही निवड स्कॅनने, रक्तपरीक्षेने आणि शल्यचिकित्सकाच्या नजरेखाली झाली होती. अपक्व अंतर्विद्रधीत सुश्रुतांनी वरुणादि गणाचा क्वाथ सांगितला आहे, तोही आम अवस्थेचा निश्चय गृहीत धरूनच. तो निश्चय आज केवळ नाडी व उदरस्पर्श यांवर करणे धाडसाचे आहे. वरील अभ्यासांचा दाखला देऊन आपल्या खोलीत काढ्यावर रुग्ण ठेवून घेणे, हा त्या अभ्यासांचा विपर्यास होय.

वैद्यांनी काय पाहावे

१९८६ मध्ये आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी दहा गुणांची एक सोपी पद्धती मांडली. वेदनेचे स्थानांतर, अरुची, हृल्लास किंवा वमन, ज्वर आणि दाब सोडताच होणारी वेदना यांस प्रत्येकी एक गुण. उजव्या कुशीतील स्पर्शासहत्वास दोन. श्वेतकणांच्या वाढीस दोन आणि त्यांतील अपक्व कणांच्या आधिक्यास एक. म्हणजे दहांपैकी सात गुण दर्शन, स्पर्शन व प्रश्न या आपल्याच त्रिविध परीक्षेतून मिळतात. एकूण सात वा अधिक गुण असल्यास व्याधीची शक्यता प्रबळ समजावी. गुण कमी भरले, तरी संशय असल्यास सोनोग्राफी करून घ्यावी.

पुढील प्रसंगी विशेष सावध राहावे. आंत्रपुच्छ श्रोणिगुहेत असेल, तर वारंवार पातळ मलप्रवृत्ती किंवा मूत्रप्रवृत्ती होते आणि अतिसार वा मूत्रकृच्छ्र समजून चिकित्सा सुरू केली जाते. ते उंडुकामागे असेल, तर पोट पुढून मऊ लागते आणि वेदना पाठीकडे जाणवते. सगर्भा स्त्रीत वेदनेचे स्थान वर सरकू शकते. बालकात व्याधी झपाट्याने वाढते, तर वृद्धात लक्षणे फसवी आणि मंद असतात. तरुण स्त्रीत गर्भाशयाबाहेरील गर्भ व बीजकोशाचा पीळ, तसेच सर्वांतच उजवा मूत्राश्मरी आणि आपल्या देशात उंडुकप्रदेशाचा क्षय, यांचा विचार करावा.

सर्वांत फसवे लक्षण वेदनाशमनाचे. तीव्र वेदना अकस्मात थांबली, रुग्ण ‘आता बरे वाटते’ म्हणाला, परंतु नाडी वेगवान, जिव्हा कोरडी व पोट ताठ असेल, तर ते औषधाचे यश मानू नये. छिद्र पडल्याचे ते चिन्ह असू शकते. अशा वेळी एक तासही थांबू नये.

संशयित रुग्णात विरेचन, बस्ती, उदराचे मर्दन व शेक पूर्णतः वर्ज्य समजावेत. तोंडाने अन्न देऊ नये. पाठविताना लक्षणांचा क्रम, वेळा आणि दिलेली औषधे लिहून चिठ्ठी द्यावी. शल्यचिकित्सकास त्या चिठ्ठीचा मोठा उपयोग होतो.

औषधविक्रेत्यांसाठी

पोट दुखले की रुग्ण वैद्याकडे जाण्यापूर्वी बहुधा दुकानात येतो. ‘पोट साफ झाले की बरे वाटेल,’ ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. एरंडेल, सनायचे चूर्ण, इच्छाभेदी रस यांची मागणी त्या समजुतीतून होते. आंत्रपुच्छशोथात तीव्र विरेचनाने आतड्याची हालचाल वाढून छिद्राचा धोका ओढवतो. जयपालयुक्त औषधे तर अनुसूची ई (१) मधील असून ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाची आहेत, अशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. ती सूचना ग्राहकाइतकीच विक्रेत्यासाठीही आहे.

म्हणून पोटदुखीसाठी रेचक मागणाऱ्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत. वेदना केव्हापासून आहे? ती नाभीपासून उजवीकडे सरकली काय? वमन किंवा ज्वर आहे काय? चालताना, खोकताना दुखते काय? यांतील एकाचेही उत्तर शंकास्पद असेल, तर रेचक देऊ नये. वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठविणेही टाळावे. रुग्णालयात परीक्षणानंतर दिलेले वेदनाशामक निदानास बाधक ठरत नाही. मात्र घरी घेतलेल्या गोळीने रुग्णालयात पोहोचण्यासच उशीर होतो. चार रुपयांची विक्री गेली तरी चालेल, परंतु त्या ग्राहकाचा विश्वास कायमचा मिळतो.

शस्त्रक्रियेनंतर

दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढण्याची पद्धती जर्मनीच्या कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये प्रथम अवलंबिली. आज ती सर्वत्र रूढ आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखण्याची तक्रार रुग्ण वारंवार करतात. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटलास होणारा क्षोभ, हे तिचे कारण असून ती एक-दोन दिवसांत शमते. आध्मान, अग्निमांद्य व मलावरोध हे अनुभव सर्वसाधारण आहेत. शल्यचिकित्सकाने आहारास अनुमती दिल्यानंतर पेया, विलेपी, यूष असा क्रम योजल्यास रुग्णास सुखकर होते. स्नेहन, बस्ती किंवा तीव्र पाचन द्रव्ये यांची घाई करू नये. भार उचलणे काही आठवडे टाळावे. छेद मोठा असेल, तर हा काळ अधिक. ज्वर, जखमेतून स्राव, वाढती वेदना किंवा वारंवार वमन आढळल्यास रुग्ण परत पाठवावा.

काढलेल्या अवयवाचा ऊतिपरीक्षेचा अहवाल रुग्णाने जपून ठेवला आहे काय, हेही विचारावे. क्वचित त्यात अर्बुद आढळते आणि पुढील उपचार त्यावर अवलंबून असतात.

उपसंहार

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ रुग्ण काहीशा अपराधी भावनेने विचारतात : ‘वैद्यराज, अवयव उपयोगाचा होता म्हणतात. मी उगाच काढला का?’ त्यांना निःशंकपणे सांगावे की अवयव उपयोगाचा होता, परंतु पाकास गेल्यावर तो प्राणास घातक झाला होता. त्याचे कार्य शरीर अन्य मार्गांनी चालवील. आणि शस्त्रक्रियेपूर्वी जो हाच प्रश्न घेऊन येईल, त्यास प्रयोजनाचे व्याख्यान देत बसू नये. प्रथम त्याच्या उजव्या कुशीवर हात ठेवावा. आम आणि पक्व यांचा भेद ओळखणे आणि आपल्या अधिकाराची सीमा जाणणे, ही दोन्ही वैद्यकर्माची अंगे आचार्यांनीच आपल्या हाती दिली आहेत.